तोंड काळं आणि सात नंबरची बस

३ मार्च, मंगळवार

पणजी होणार मी! पणजी! नातू दुकानात आला, कानात सांगितलं, आणि त्या आनंदात मी गिऱ्हाइकाचा कोट माझ्याच बाहीला रफू करून टाकला. उठले तर कोट माझ्याबरोबर! चिरंजीव म्हणाले, "आई, शिंप्याचं घर आहे, लोक काय म्हणतील?" म्हणू देत. पासष्ट वर्षं सुई धरली, एक दिवस चुकली तर काय आभाळ कोसळलं?

बाळ ऑगस्टात. तोवर दोघं दुकानावरच्या खोलीत राहायला येणार. नातसून स्वतः म्हणाली म्हणे — "आजी जवळ असल्या की मला काळजी नाही." हे वाक्य इथे लिहून ठेवते. हे असते तर त्यांना चारदा वाचून दाखवलं असतं. ते नाहीत म्हणून वहीला सांगायचं.

५ मार्च, गुरुवार

खोलीला पिवळा रंग लावायला घेतला. चिरंजीवांच्या नाकालाही लागलाय. सांगितलं नाही. दिवसभर तसेच गिऱ्हाइकांची मापं घेत होते!

८ मार्च, रविवार

आज सगळे जेवायला होते. छान चाललं होतं. मग रेडिओवर बातमी — महापौरबाईंनी सात नंबरची बस बंद करायचं ठरवलंय. पुढच्या एक तारखेपासून.

सात नंबर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरून टेकडीवरच्या दवाखान्यात जाणारी. दुसरी बस नाही. माझे डोळे तिथे, गुडघे तिथे, आणि बाळसुद्धा तिथेच होणार! वर ती बस चालवते कोण? आमची नातसून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणाले, "तोंड काळं कर म्हणावं त्या बाईला! ही माणसं खुर्चीवर बसली की अशीच!"

नातवाने चमचा खाली ठेवला.

महापौरबाई रंगाने काळ्या. आणि नातसून त्यांच्यातलीच — तिचे आजोबा बोटीने इथे कामाला आले होते. मला तेव्हा ते ध्यानातच आलं नाही. ती उठली. "निघते, उशीर होतोय," म्हणाली. रविवारी कसला उशीर?

९ मार्च, सोमवार

अगं, पण म्हणायची रीत आहे ती! तोंड काळं कर मी कुणाला म्हटलं नाही? दूधवाल्याला म्हटलंय. धाकट्या दिरांना म्हटलंय, तेही पाहुण्यांसमोर. मांजराला तर रोज म्हणते, आणि मांजर पांढरंशुभ्र आहे!

नातवाचा फोन. "आजी, तू बाईंच्या कामावर बोललीस की रंगावर?"

"बसवर बोलले मी! बसवर!"

"बरं," म्हणाला. आणि मग — "खोलीचं जरा थांबूया."

११ मार्च, बुधवार

खोलीचा रंग वाळला. बघायला कुणी आलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

बसवरून गावभर ओरड, म्हणून महापौरबाई स्वतः रेडिओवर. "ही टीका बसवरची नाही, माझ्या चेहऱ्यावरची आहे," म्हणाल्या. चिरंजीवांनी कात्री आपटली. "झालं! म्हणजे आता कुणी तोंडच उघडायचं नाही!"

मलाही राग आला. बाई गं, माझे गुडघे तुझा चेहरा बघत नाहीत, चढ बघतात! तो चढ गोरा की काळा?

दुपारी खिडकीशी बसून काळ्या कोटाची कोपरं रफू करत होते. काळ्याला काळा दोरा जुळवणं सगळ्यांत अवघड. चार काळी रिळं उजेडात धरली की एक निळसर निघतं, एक तपकिरी. नव्या मुलींना मी हेच शिकवत आले — काळा म्हणजे सगळा एकच, असं जिला वाटतं तिने हे काम करू नये. शिकवायला काय जातंय!

रीळ हातात आणि डोक्यात नातवाचा प्रश्न. कामावर की रंगावर? बसवरच बोलले मी. पण सगळं बसवरच का? हे असते तर म्हणाले असते, उलटी बाजू बघ. रफू उलट्या बाजूनेच कळतं.

१४ मार्च, शनिवार

जुन्या वह्या काढल्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे माझं अक्षर मलाच लागत नाही. काही ठिकाणी तर कोंबडी नाचून गेल्यासारखं. तरी शोधलं. कारण मला आठवत होतं — आठ वर्षांपूर्वी पाच नंबरची बसही अशीच बंद झाली होती. तेव्हाचे महापौर वेगळे. गोरेपान, आमच्यासारखेच. तेव्हा मी काय लिहिलं होतं?

सापडलं. लिहिलंय — "पाच नंबर बंद. फार हाल. साहेबांना कुणीतरी चुकीचा सल्ला दिला असेल. साधा माणूस आहे."

साधा माणूस! सहा महिने मी बाजारात पायी जात होते, त्या साध्या माणसामुळे!

मग तोंड काळं शोधत बसले. दूधवाला आहे. दीर आहेत. मांजर जागोजाग आहे. साहेब कुठेच नाहीत. बरं, तेही सोडू. 'ही माणसं' शोधलं. साहेबांच्या वेळी 'ही माणसं अशीच' असं एकदाही नाही. कुठली माणसं म्हणणार होते? ती आमचीच!

म्हणजे साहेब चुकले तर साहेबसुद्धा चुकले नाहीत, सल्ला देणारा चुकला. आणि बाई चुकल्या तर बाई एकट्या चुकल्या नाहीत. त्यांच्याबरोबर अख्खे लोक चुकले — बोटीने आलेले आजोबा चुकले, नातसून चुकली. आणि ते बाळ? ते तर अजून यायचंय!

मग बाई रेडिओवर म्हणाल्या ते खरं की खोटं? दोन्ही, असं वाटतं. चढ खरा आहे. बस बंद करणं चूकच आहे. पण माझ्या बोलण्यात दोन दोरे होते. एक बसचा, एक दुसराच. उजेडात धरल्याशिवाय दिसला नाही.

चहा केला आणि प्यायचा विसरले.

१६ मार्च, सोमवार

सात नंबरमध्ये जाऊन बसले. चालकाच्या बरोबर मागे. नातसुनेने आरशात पाहिलं, भुवई वर. मी तोंड उघडलं तर समोर पाटी — "बस चालू असताना चालकाशी बोलू नये." अरे देवा! मला! मला गप्प बसायचं! अकरा थांबे दातांवर दात धरून बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?"

शेवटच्या थांब्यावर बस पाच मिनिटं उभी राहते. सगळे उतरले. मी म्हणाले, "अगं, 'ही माणसं' म्हणाले ते चुकलं माझं. बस राहिली बाजूला आणि मी तुझ्या घरावर गेले."

ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली. मग म्हणाली, "आजी, बस बंद करू नका असा अर्ज डेपोत सगळ्यांत आधी कुणी लिहिला, माहितीय? मी. पहिली सही माझी. मग जो सही करायला येई तो बसचं बोलायचा नाही. बाईंच्या नाकावर, केसांवर. मी माझी सही खोडली."

"अगोबाई."

"तुम्ही सगळे असं बोलता आणि मग मला तिची बाजू घ्यावी लागते. मला नाही घ्यायची हो तिची बाजू! माझी बस जातेय!"

मला इतकं कानकोंडं झालं की काय सांगू. तेवढ्यात लोक चढले. ती म्हणाली, "बसा नीट. आता बोलायचं नाही." परत अकरा थांबे.

खोलीचं मी विचारलं नाही. तिनेही काढलं नाही.

१८ मार्च, बुधवार

दुकानात अर्ज ठेवला. माझ्याच अक्षरात. चिरंजीव म्हणाले, "वाचता येईल का हे कुणाला?" तरी ठेवला. पहिली ओळ कोरी ठेवलीय. दुसरीवर मी.

समोरचा चष्मेवाला धावत आला. "आणा, सही करतो! ह्या लोकांना खुर्ची दिली की —"

मी कागद ओढून घेतला. "बससाठी असेल तर कर. लोकांसाठी वेगळा अर्ज आण, त्यावर मी सही करणार नाही."

"अहो आजी, तुमचे चिरंजीवच सांगत होते, परवा तुम्हीच तर —"

"हो, मीच. म्हणून तर सांगतेय."

फुगून गेला. दुकान बंद करताना परत आला. "माझ्या आईलाही दवाखान्यात जावं लागतं," म्हणाला आणि खाली मान घालून सही केली. वरची ओळ कोरी बघून तिथे करत होता. म्हटलं, "तिथे नाही. ती जागा भरलेली आहे."

२३ मार्च, सोमवार

तीन पानं भरली. नातू घेऊन गेला.

२४ मार्च, मंगळवार

कागद परत आला. पहिल्या ओळीवर सही! गोल गोल, नीटस अक्षर. नगरपालिकेत द्यायच्या आधी मी ती तीनदा पाहिली. चिरंजीव म्हणाले, "आई, कागद विरेल."

२८ मार्च, शनिवार

दोघं पिवळ्या खोलीत राहायला आली! तीन पिशव्या, एक कुंडी आणि एवढासा पाळणा. नातसुनेने भिंतीवर हात फिरवून पाहिला. "फारच पिवळं झालंय, आजी." म्हटलं, चिरंजीवांच्या नाकावर शोभलं होतं!

३१ मार्च, मंगळवार

नगरपालिकेचं उत्तर आलं. नातसुनेने जेवताना वाचून दाखवलं. अर्ज नामंजूर. सात नंबर उद्यापासून बंद. तिने कागदाची घडी घातली, ताटाखाली सारली आणि म्हणाली, "तोंड काळं कर म्हणावं त्या बाईला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घास तोंडात धरून बसलेली, गिळू की थांबू!

"एकटीला म्हटलं हं, आजी," ती म्हणाली. "फक्त एकटीला."