देवीच्या डोक्यावरची जागा

६ जानेवारी, कोपर

टेकडीचं काम सुरू! ड्रोन वरून झाडांच्या शेंड्यांचे फोटो काढतो, मी आणि ऑफिसातला साकेत खाली माना वर करून उभे. रस्ता आखायच्या आधी ऑफिसला बघायचंय, झाडी कुठे दाट, कुठे विरळ.

टेकडी आमच्याच गावामागची. मधे गावदेवीची राई. तिथली दिवाबत्ती चंद्रभागा आत्या करते, बाबांची थोरली बहीण. तिने बजावलं, "तिच्या डोक्यावरून काय जाता नये."

आमच्या घरात देव्हाऱ्यावरच्या माळ्यावर कोणी पाय ठेवत नाही, मग ड्रोन कसा नेणार? राईभोवती गोल आखला आणि तेवढा भाग टाळून उडवला. साकेत हसला. हसू दे.

८ जानेवारी

फोटो जोडून नकाशा तयार. हिरवागार – मधे एक पांढरा गोल. पाठवून दिला. राई सोडलीय असं लिहिलं नाही. कळेलच की!

१३ जानेवारी

नाही कळलं! रस्त्याची रेघ बरोबर त्या पांढऱ्या गोलातून. मोकळी जागा मिळाली म्हणून सगळे खूश. तिथे टेकडीवरची सगळ्यात जुनी झाडं आहेत, असं साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दिशा, फोटो दाखव. शुक्रवारी दुपारी आखणी पक्की होतेय."

देवीचा मान राखायला गेले आणि रस्ता तिच्याच दारात आणून ठेवला. स्वतःचाच राग येतोय.

१४ जानेवारी

साकेत म्हणतो, गुपचूप उडव, आत्याला कोण सांगणार? मीच सांगेन! माझ्या पोटात काही राहत नाही.

संध्याकाळी गावात जाऊन आत्याला सगळं सांगितलं. रडलेपण. तिने हातावर तीळगूळ ठेवला आणि आत निघून गेली.

१५ जानेवारी

बॅटऱ्या चार्ज केल्या. उडवला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

राई एकदा डोळे भरून बघावी म्हणून सकाळीच गेले. आत्या टेकडीच्या पायथ्याशी बसलेली. मांडीवर टोपली, टोपलीत नव्या खणात गुंडाळलेली शेंदरी गावदेवी! आजवर ती कधी जागची हललेली नाही.

आत्या म्हणाली, "आजचा दीस तिला म्हायेराला नेतंय. आता उडव."