नेतृत्वाला लागणारी शांतता

१२ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. शैक्षणिक प्रशासनाच्या एम. ए.ला आम्हाला शिकवणाऱ्या गाईडबाई म्हणाल्या की ज्याला शाळा चालवायची आहे त्याने रोज स्वतःकडे त्रयस्थासारखं बघावं. मला सवय आहे. बरेच महिने मी स्वतःकडे त्रयस्थासारखाच बघतोय. तरी लिहितो.

परिस्थिती अशी. मी भूगोल शिकवतो. बायको त्याच शाळेत विज्ञान शिकवते, मुलगी तिथेच दहावीत. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, सहामाहीनंतर निवृत्त होणार. अख्ख्या स्टाफमध्ये प्रशासनाचं रीतसर शिक्षण घेणारा मी एकटा. शनिवार-रविवार कॉलेज. खुर्ची माझ्याकडेच येणार, दुसरीकडे जाऊन जाऊन जाणार कुठे?

संकल्प: पहाटे उठून वाचन. स्टाफरूममधल्या कुचाळक्यांत भाग न घेणे.

१३ जून
उठलो नाही. बायकोने हाक मारली होती म्हणे. पुरेशी ठाम नसावी. कुचाळक्यांत भाग घेतला, पण मनापासून नाही.

२ जुलै
असाइनमेंट: स्वतःची बलस्थानं आणि उणिवा. बलस्थानांना पान पुरेना. मुख्य म्हणजे शांतपणा. दादा, माझा थोरला भाऊ, गेला तेव्हा सगळं घर रडत होतं आणि मी शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणत होतो, आल्यागेल्याला पाणी विचारत होतो. डोळ्यांतून टिपूस नाही. अजूनही नाही. परवा त्याचा निळा शर्ट घालून शाळेत गेलो, काही म्हणता काही वाटलं नाही. पुस्तकात याला भावनिक स्थैर्य म्हणतात. लोक ते कमवायला जन्मभर खपतात. मला आयतं मिळालं.

उणिवा सुचेनात. मुलीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, पानावर जागा किती आहे? थट्टेखोर वय.

१९ जुलै
आज 'कामाचं वाटप' हे प्रकरण बायकोला समजावून सांगितलं. तिचा फोन दिवसभर वाजत असतो. कुणाची आई, कुणाचे वडील, कुणी नवीन शिक्षिका जिला नववी ब आवरत नाही. मी म्हटलं, सगळं स्वतः करू नये, वाटून द्यावं. तिला ते एकदम पटलं. म्हणाली, मग कुकर बघा, तीन शिट्ट्यांनी बंद करा, मी तेवढं या बाईंशी बोलते.

कुकरची डाळ करपली. शिट्ट्या ऐकू येत होत्या. माझ्याशी त्यांचा काही संबंध आहे असं वाटलं नाही.

जेवताना ती बराच वेळ सहावीतल्या एका मुलाबद्दल सांगत होती. मी 'हं' म्हणत होतो. याला सक्रिय श्रवण म्हणतात. शेवटी तिने विचारलं, काय म्हणाले मी आत्ता? हा प्रश्न सक्रिय श्रवणाच्या प्रकरणात नाही.

४ ऑगस्ट
असाइनमेंट परत आली. गाईडबाईंचा शेरा: "मांडणी नीटनेटकी. पण यात तुमची शाळा कुठे दिसत नाही. तुम्हीही दिसत नाही." स्तुतीच आहे. त्रयस्थपणा साधला.

१८ ऑगस्ट, दुपारी, मुख्याध्यापकांच्या खोलीतून
मोठ्या सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन. आठवडाभर मी प्रभारी! प्रात्यक्षिकासाठी मीच अर्ज केला होता. सर हो म्हणाले, पण जाताना बायकोला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. बहुधा माझ्या डब्याचं वगैरे.

खुर्ची मऊ आहे. बसल्यावर पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, उशीमुळे असेल. आनंद व्हायला हवा होता. होईल.

संध्याकाळी
मोठा निर्णय. शाळेला दोन जिने. मुलं दोन्हीकडून चढतात, दोन्हीकडून उतरतात, नुसता गोंधळ. उद्यापासून पूर्वेचा जिना फक्त चढायला, पश्चिमेचा फक्त उतरायला. बाण रंगवून घेतले. बायको म्हणाली, अहो, पश्चिमेचा अरुंद आहे, सुटीची घंटा झाली की सगळी शाळा त्याच्यावर येईल. मी म्हटलं, बदलाला सुरुवातीला विरोध होतोच. प्रकरण सहा.

१९ ऑगस्ट
योजना यशस्वी. चित्रकलेचे सर एक मजला उतरायला अख्खी शाळा वळसा घालून आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. आदर दिसायला लागलाय.

२१ ऑगस्ट
मधल्या सुटीत पश्चिमेच्या जिन्यावर रेटारेटी झाली. पाचवीतली एक मुलगी पडली. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली.

मी तिथेच होतो, वरच्या पायरीवर, बाण बघत. मुलं किंचाळत होती. मी शांत राहिलो. बायको प्रयोगशाळेतून धावत आली, ओढणीने कपाळ दाबून धरलं, चित्रकलेच्या सरांना गाडी काढायला लावली, जाता जाता शिपायाला सांगितलं की दोन्ही जिने मोकळे करा, आणि मुलीला घेऊन दवाखान्यात गेली. तिच्या आईला फोनही तिनेच केला.

म्हणजे कामाचं वाटप बिनचूक झालं.

२२ ऑगस्ट
मुलीने, म्हणजे आमच्या, काल रात्रीपासून बोलणं टाकलं होतं. आज सकाळी चहाच्या वेळी म्हणाली, बाबा, ती तुमच्या पायाशी पडली होती. तुम्ही खाली वाकलासुद्धा नाहीत. सगळा वर्ग बघत होता.

मी तिला समजावलं की संकटात प्रमुखाने स्थिर राहायचं असतं. ती म्हणाली, तुम्ही स्थिर नव्हता, तुम्ही नव्हताच.

बायको म्हणाली, पुरे गं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, दादा गेल्यापासून तुम्ही असेच आहात. एकदा डॉक्टरांना दाखवू या का? मी म्हटलं, वर्षाचं सबमिशन झालं की बघू.

जिन्यावर पाय उचलायचं ठरवलं होतं मी. एवढंच लिहून ठेवतो. ठरवलं होतं.

२४ ऑगस्ट
पडलेल्या मुलीच्या घरी जायचं होतं. 'पालकांशी संवाद' असा आराखडा काढला, बाणांसकट. तो पक्का करेपर्यंत बायको जाऊन आली. मुलगी बरी आहे, प्लास्टरवर मैत्रिणींच्या सह्या घेतेय. आराखडा फाईलला लावला. गाईडबाईंना आवडेल.

१० सप्टेंबर
संस्थेच्या सेक्रेटरींनी बायकोला बोलावून घेतलं. तासभर. उघड आहे. कुणाला पद द्यायचं तर त्याच्या घरच्या माणसाकडे चौकशी करतातच. घरी आल्यावर विचारलं, काय म्हणाले माझ्याबद्दल? ती म्हणाली, तुमचा विषय निघाला नाही. मग म्हणाली, थोडं बसता का, बोलायचंय. मला 'संघर्ष-व्यवस्थापना'चं प्रेझेंटेशन होतं. म्हटलं, नंतर.

२६ सप्टेंबर
स्वीकृतीच्या भाषणाचा मसुदा तयार. सुरुवातीला मोठ्या सरांचे आभार, मग थोडं दूरदृष्टीबद्दल, शेवटी पत्नीच्या मूक साथीबद्दल एक वाक्य. बायको पुन्हा म्हणाली, बोलायचंय. मी म्हटलं, तुझ्याबद्दल एक वाक्य घातलंय. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळी
आज मोठ्या सरांचा निरोप समारंभ. सेक्रेटरींनी नवीन मुख्याध्यापकांचं नाव जाहीर केलं. 'आपल्या सर्वांच्या' म्हटल्याबरोबर मी उठलो. 'विज्ञानाच्या बाई' म्हणेपर्यंत पूर्ण उभा होतो. तसाच टाळ्या वाजवायला लागलो. मग सगळेच उभे राहिले. सेक्रेटरी नंतर म्हणाले की किती मोठं मन आहे तुमचं, सगळ्यांत आधी तुम्ही उठलात.

भाषण खिशातच राहिलं. बायको बोलली ते दोन मिनिटांत. त्यात एक वाक्यही माझ्याबद्दल नव्हतं, ते बरंच झालं.

घरी ती म्हणाली, दोनदा सांगायचा प्रयत्न केला हो. राग आला का? मी आत शोधून बघितलं. राग नव्हता. काहीच नव्हतं. ते तिला सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. तिचा हात गरम होता, एवढं कळलं.

२ नोव्हेंबर
शेवटच्या असाइनमेंटचा विषय: जवळून पाहिलेला एक शाळाप्रमुख. गाईडबाई म्हणाल्या, तुमच्याएवढी सोय वर्गात कुणाचीच नाही. घरी बायकोला म्हटलं, मुलाखत हवी. ती म्हणाली, शाळेतलं शाळेत, वेळ घेऊन या. व्यावसायिकता म्हणून नोंद केली.

९ नोव्हेंबर
वेळ मिळाली. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. शिपाई म्हणाला, सर, मॅडम कामात आहेत, थोडं सरकून बसा. सरकलो. शेजारी एक गृहस्थ होते, कुणा मुलाचे वडील. मला ओळखत नव्हते. मीही त्यांच्यासारखाच पालक, असं त्यांना वाटलं.

ते सांगायला लागले की मॅडमनी बोलावून घेतलंय. आमचा मुलगा हुशार आहे हो, त्रास काही देत नाही. पण वर्गात नुसता बसून असतो. हाक मारली तरी लक्ष नाही. त्याचा आजा गेला त्यानंतर सुरू झालं हे. पण मॅडम चांगल्या आहेत, ओरडत नाहीत, ऐकून घेतात.

मग त्यांनी विचारलं, तुमचं काय?

म्हटलं, तेच.

ते म्हणाले, होतं हो ठीक, वेळ लागतो. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रुमाल सापडेना. त्यांनी त्यांचा दिला.

आत आधी त्यांना बोलावलं.