बुटांचे शंभर किलोमीटर

बरखेडा, भोपाळ
९ एप्रिल १९८९

ती. सौ. नलिनीवन्सं यांना वासंतीचा वाकून नमस्कार. नारायणरावांनाही आहे, पण त्यांच्या हातातला पेपर खाली आल्यावर सांगा. तुमचा खोकला आता उन्हाने पळाला असेल. इकडे सगळं ठीक. म्हणजे कूलर ठीक, नळाचं पाणी ठीक. माझं म्हणाल तर गेले चार महिने मी हिमालयात आहे आणि रोज नऊच्या आत घरी परतून कणीक मळते. ते कसं, ते सविस्तरच लिहिते. तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

डिसेंबरात कारखान्याच्या गिर्यारोहण मंडळाची नोटीस लागली. मे महिन्यात हिमालयात अकरा दिवस पायी, तेरा हजार फुटांवरची खिंड, बर्फासकट. तुमच्या बंधूंनी नाव दिलं. एक्कावन्नाव्या वर्षी का दिलं हे मी विचारलं नाही. टूल रूममधल्या सगळ्यांनी दिलं म्हणून यांनी दिलं असणार. त्याच संध्याकाळी तयारी सुरू झाली, म्हणजे यादी. तीन प्रतींत, मध्ये कार्बन घालून. लोकरी मोजे, कानटोपी, मेणबत्त्या, सुईदोरा, सुंठ. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पत्र्याचा बिल्ला आणि बिल्ल्यावर नंबर. (सुंठ चौदा नंबर. चहात घालायला मी जरासा तुकडा मोडला, तर चौदा नंबरचं वजन कसं घटलं याची चौकशी बसली.) दर रविवारी सॅक भरायची, ताणकाट्याला टांगायची, वजन लिहायचं आणि परत रिकामी करायची. चालायचं मात्र यादीत कुठेच नव्हतं.

मग बूट आले. खोक्यात चिठ्ठी होती की नवे बूट निदान शंभर किलोमीटर चालून मऊ करावेत, नाहीतर पायाला फोड येतील. तुमच्या बंधूंची सकाळची पाळी, त्यांना सवड कुठली? त्यांनी बूट पाहिले आणि मग माझे पाय पाहिले. वन्सं, मला पाहायला आला होतात तेव्हा 'मुलगी चांगली आहे, पण पावलं पुरुषी' असं तुम्ही म्हणाला होतात. आत मला ऐकू आलं होतं. सव्वीस वर्षांनी ती पावलं कामाला आली. दोन मोजे चढवले की त्यांचा बूट मला बेताचा बसतो.

सॅकचे पट्टेही मऊ करायचे होते, म्हणून आत दहा किलो गहू भरले. गहू पाठीवर घेऊन नुसतं हिंडण्यापेक्षा बाग सेवनिया वस्तीतल्या चक्कीवर जाऊन यावं, असं मला वाटलं आणि तिथेच फसले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सरोजभाभी दारात उभ्या. "भाभीजी, आप जा ही रही हैं तो हमारा भी पाँच किलो ले जाइए, मोटा पिसवाना." मग समोरच्या वंदनाची हरभऱ्याची डाळ आली, वरच्या मजल्यावरचे तांदूळ आले. महिन्याभरात मी अर्ध्या लाइनीची दळणं वाहत होते. मंडळाच्या नियमात सॅक बारा किलोची आहे. मी सतरा नेलेले आहेत.

आता खरं सांगते. शंभर किलोमीटर फेब्रुवारीतच पुरे झाले. तुमच्या बंधूंना मी अठ्ठ्याहत्तर सांगितले. खोटं बोलले, कारण बूट मऊ झाले म्हटलं असतं तर ते खोक्यात गेले असते आणि मी घरात. सकाळच्या गार हवेत त्या रस्त्याला मी एकटी असते, मला कुणी हाक मारत नाही, आणि चढ आला की बरं वाटतं. वन्सं, मला जायचंय हो. लहानपणी यवतमाळला बर्फ पाहिला तो गोळेवाल्याकडचा, भुशात ठेवलेला. सव्वीस वर्षांत कारखान्याची प्रवासाची सवलत घेतली ती दर वेळी गावाकडचीच, त्यात सहा लग्नं, चार मुंजी आणि सासूबाईंचा मोतीबिंदू. कुणाचं कार्य नाही, कुणाचं आजारपण नाही, अशा ठिकाणी मला एकदा जायचं आहे. मंडळाच्या नकाशावर खिंडीपलीकडे काही छापलेलंच नाही, कागद तिथे संपतो. तो नकाशा मी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे.

मार्चअखेरीला मनुआभान टेकडीवर मंडळाने परीक्षा घेतली. तुमचे बंधू अर्ध्या चढावर पट्टा तपासायला बसले ते बसलेच. (गुडघे तुमच्या माहेरचे, मी काही बोलत नाही.) मी जेवणाचा डबा घेऊन मागून येत होते. त्यांची सॅक उचलून वर नेली, ठेवली आणि त्यांना आणायला परत खाली आले. मंडळाचे सेक्रेटरी विश्वनाथजी म्हणाले, "भाभीजी, फॉर्म तो आपको भरना चाहिए था." सगळे हसले. तुमचे बंधू हसले, मीही हसले. उतरताना मात्र घाम पुसण्याच्या मिषाने मी रडून घेतलं.

डॉक्टरांनी त्यांना मनाई केली आहे. त्यांची जागा पंचवीस तारखेपर्यंत घरच्या माणसाला मिळू शकते. मी विषय काढला. तुमचे बंधू नाही म्हणत नाहीत. ते फक्त म्हणतात, "ताईला काय वाटेल?" एवढं म्हणून ते सॅकमधल्या वस्तू यादीबरहुकूम कपाटात परत ठेवायला लागले. काल नऊ नंबरपर्यंत आले.

बाकी विशेष काही नाही. औषध वेळेवर घ्या. नारायणरावांना सांगा की इथे कैऱ्या आल्या आहेत.

तुमची,
वासंती

ता.क. सोबत एक फॉर्म आहे. 'पती अथवा घरातील वडील व्यक्तीची संमती' असं लिहिलंय तिथे मी पेन्सिलीने बारीक फुली केली आहे. घरात वडील तुम्हीच. अकरा दिवस इथे येऊन भावाला वरणभात करून घाला, असं मी मुळीच सुचवत नाही. गाडीची चौकशी सहजच केली. सकाळी निघालात तर दिवेलागणीला आमचं हबीबगंज स्टेशन येतं.

ता.क. दुसरा. सही करावीशी वाटली नाही तर कारण लिहू नका, मी विचारणार नाही. फक्त तो फॉर्म परत पाठवू नका, तुमच्याकडेच फाडून टाका. घरात आला तर मी तो रोज काढून बघेन.