उघडे राहिलेले खाते

नंदुरबार,
१७ जानेवारी २०२५

ती. मधुकरकाका यांस,
शर्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन हाताशी असताना टपालाचा खटाटोप कशाला, असे आपणांस वाटेल. जी गोष्ट बहुधा फोनमधूनच फुटली, तिच्याविषयी फोनवर बोलण्याचा मला धीर होत नाही. आणखी एक विनंती. आपल्या घरी आलेले पत्र थोरल्याने फोडायचे आणि सर्वांना मोठ्याने वाचून दाखवायचे, ही आजोबांपासूनची रीत. हे पत्र मात्र आपण एकट्याने वाचावे.

बुधवारी तुषारच्या आईंचा आईला फोन आला. साखरपुड्याची तारीख तूर्त धरू नका, म्हणाल्या. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की मुलीच्या प्रकृतीची गोष्ट तुमच्याकडून कळायला हवी होती, ती आम्हाला बाहेरून कळली. कोणाकडून, ते सांगितले नाही. जबाबदार माणसाकडून, एवढेच म्हणाल्या.

काका, अशी एक गोष्ट आहे, दोन वर्षांपासूनची. ती आईला, डॉक्टरांना आणि मला ठाऊक आहे. चौथ्या कोणाला नाही. ती काय, हे आज लिहीत नाही. राग मानू नये. तुषार या रविवारी इकडे यायचा होता. त्याला समोर बसवून मीच सांगणार होते. चार दिवस आधी दुसऱ्याने सांगितले. आता तो येणार नाही.

औषधांची, आजाराची माहिती मी नेटवर वाचत असे. तिथूनच कोणी पाहिले का? बाबा गेल्यापासून अवघड काही आले की मी आपल्याकडेच आणते. पस्तीस वर्षे आपण मुलांना तर्कशास्त्र शिकवलेत. हे कसे घडले ते शोधून द्यावे. काकूंना नमस्कार.

आपल्या मायेचा आधार असाच राहावा, ही विनंती.

आपली,
शर्वरी


सुरत,
२३ जानेवारी २०२५

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. एकट्याने वाचले. तुझ्या काकूने पाकिटावरचे अक्षर ओळखले आणि आत काय आहे ते विचारले नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात असे प्रथमच घडले असावे.

तू दोन प्रश्न एकत्र बांधले आहेस. गोष्ट कोणत्या वाटेने गेली, हा एक; ती कोणी नेली, हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, नाहीतर आपण आधी आरोपी निवडतो आणि मग त्याला साजेसा पुरावा गोळा करतो. आईला आणि डॉक्टरांना सध्या बाजूला ठेव. तुझ्या मोजणीत एक साक्षीदार राहिला आहे. ज्याला तू प्रश्न विचारलेस, तो नेटवरचा शोध घेणारा डबा. आईजवळ जे बोलणार नाही ते आपण त्याच्याजवळ बोलतो, आणि तो प्रत्येक शब्द तारीखवार लिहून ठेवतो.

म्हणून पुढील गोष्टी याच क्रमाने कर. तुझ्या खात्याच्या सुरक्षेचे पान उघड. ते खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे, याची तिथे यादी असते. प्रत्येक नावापाशी थांबून पाहा, हे यंत्र आज तुझ्या ताब्यात आहे का. नसेल, तर त्याचे ठिकाण आणि शेवटच्या वापराची वेळ कागदावर उतरवून घे आणि मगच तेथून खाते बंद कर. उलट केलेस तर पुरावा जाईल. त्यानंतर पासवर्ड बदल. बँक, ईमेल आणि खरेदी यांना एकच पासवर्ड असेल तर तिन्हींचे वेगवेगळे कर. फोनवर आलेला आकडा दिल्याखेरीज कोणालाही आत जाता येऊ नये, अशी दुसरी पायरी लाव. पासवर्ड लक्षात ठेवू का, असे दुसऱ्याच्या संगणकाने विचारले तर उत्तर नेहमी ‘नाही’. खासगी विंडोवर भिस्त ठेवू नकोस. तिच्यामुळे तो संगणक तेवढा विसरतो. ज्या संकेतस्थळावर तू गेलीस ते विसरत नाही.

यादीत जे निघेल ते मला कळव. निष्कर्ष तुझा तू काढावास, अशी माझी इच्छा आहे. थंडी फार आहे, सकाळी बँकेच्या शाखेत जाताना कान बांधत जा.

तुझे कुशल चिंतणारा,
मधुकरकाका


नंदुरबार,
२९ जानेवारी २०२५

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपण सांगितले त्या क्रमाने केले. यादीत तीन नावे होती. माझा फोन. माझा लॅपटॉप. आणि एक संगणक, ठिकाण सुरत, शेवटचा वापर ११ जानेवारी, सकाळी दहा चाळीस. सुरतेत माझे खाते मी एकाच संगणकावर उघडले होते. दिवाळीत बढतीच्या परीक्षेचा अर्ज भरताना, आपल्या दिवाणखान्यात. पासवर्ड लक्षात ठेवू का, असे त्याने विचारले होते आणि मी ‘हो’ दाबले. आपल्या घरात कपाटाला कुलूप नसते. तिथे ‘नाही’ म्हणायचे मला सुचलेच नाही. ती चूक माझी, आणि ती मी मान्य करते.

आपले पत्र मी चार वेळा वाचले. त्यात एकही वाक्य खोटे नाही. मला तेच सहन होत नाही, काका. मी काही लपवते आहे असे आपणांस वाटले, म्हणून आपण तुषारच्या वडिलांकडे गेलात ना? मग तेवीस तारखेच्या पत्रात आपण काय करत होता?

आपण काय वाचलेत, तेही माझ्या जुन्या प्रश्नांच्या यादीवरून मला कळले. ‘लग्न ठरण्याआधी आजार सांगावाच लागतो का.’ हो, मी विचारले. रात्रंदिवस तोच विचार डोक्यात होता, म्हणून विचारले. आणि कसे सांगायचे, ते मी एका वहीत तीनदा लिहिले, तिन्ही वेळा खोडले. ती वही आपल्या संगणकावर दिसत नाही. आपण माझा प्रश्न वाचलात आणि तो माझा निर्णय आहे असे धरून चाललात. एखाद्या विद्यार्थ्याने असा पेपर लिहिला असता तर आपण त्याला किती गुण दिले असते?

काकूंना नमस्कार. माझ्याकडून आपल्याला दुखावणारे काही लिहिले गेले असेल, तर त्याची क्षमा मागत नाही.

शर्वरी


सुरत,
४ फेब्रुवारी २०२५

चि. शर्वरीस,
आशीर्वाद.

शून्य गुण.

घडले ते सांगतो. अकरा तारखेला वीजबिल भरण्यासाठी मी संगणक सुरू केला. एक अक्षर लिहिताच खाली तुझे जुने प्रश्न उभे राहिले. पहिले वाक्य नजरेस पडले, तो अपघात. त्यानंतरची सव्वीस मी वाचली, तो अपघात नव्हे. माझ्या घरात उघडी दिसलेली गोष्ट माझ्या वाचनाचीच आहे, हे मी जन्मभर गृहीत धरले होते आणि एकदाही तपासले नव्हते. मग मी असा युक्तिवाद केला की सत्य दडवून केलेला संबंध टिकत नाही. मुलगी दडवणार आहे. तिला वडील नाहीत. म्हणून सांगणे माझे कर्तव्य. यातले दुसरे विधान मी तुला विचारून पडताळू शकलो असतो. एका फोनचे काम होते. मी बमरोलीला तुषारच्या वडिलांकडे गेलो, आणि सर्व सांगून झाल्यावर माझे नाव कुठे घेऊ नका, असे त्यांना म्हणालो. ज्याला आपले कृत्य योग्य वाटते तो असे का म्हणेल, हे मी स्वतःला विचारले नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात रविवारचा उल्लेख वाचला तेव्हाच माझा युक्तिवाद कोसळला होता. तरी मी तुला यंत्रांची यादी पाहायला सांगितले, कारण माझे नाव माझ्या हाताने लिहिण्यापेक्षा ते तुला त्या पानावर सापडणे मला सोपे वाटले. त्याला मी ‘निष्कर्ष तुझा तू काढ’ असे भारदस्त रूप दिले.

काल पुन्हा बमरोलीला गेलो. तुषार पलसाण्याहून मिलची पाळी संपवून आला होता. बापलेकांसमोर सांगितले की मी जे सांगितले ते या मुलीच्या नकळत वाचलेले होते आणि ती स्वतः सांगणार होती. वडिलांनी सांगितले की कसे कळले याने आजार बदलत नाही. तुषार उठून मला दारापर्यंत पोचवायला आला. मग त्याने पत्र लिहिण्यासाठी तुझा नंदुरबारचा पत्ता मागितला. तो मी दिला नाही. तू द्यायचा तर देशील.

आल्यावर तुझ्या काकूला सर्व सांगितले. ती म्हणाली की दिवाळीत कंगवा घेताना तुझ्या पिशवीत तिने गोळ्यांचे पाकीट पाहिले होते आणि नावही ओळखले होते. मला का बोलली नाहीस, असे विचारले. पोरीने मला सांगितले नव्हते, मग मी तुम्हाला कसे सांगणार, असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. कालपासून माझ्याशी जेवणापुरते बोलते आहे.

गोष्टीचे नाव मी या पत्रात लिहीत नाही. मला ते माहीत आहे, परंतु ते तू मला सांगितलेले नाही.

लोभ असू दे, असे शेवटी लिहिण्याची प्रथा आहे. तो मागण्याची माझी पात्रता नाही.

मधुकर


नंदुरबार,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. काका यांस,
शर्वरीचा सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळून आठ दिवस झाले. लगेच लिहिले असते तर रागाने लिहिले असते.

तुषारला मी फोन केला आणि तो काल येऊन गेला. स्टेशनजवळच्या उपाहारगृहात दोन तास बसलो. वहीतले काहीच आठवले नाही. जसे सुचले तसे सांगितले. त्याने नीट ऐकले. गोळ्या किती, झोप किती लागते, त्याची मिलमधली रात्रपाळी कशी सांभाळता येईल, असे साधे प्रश्न विचारले. मग म्हणाला की त्याला आजाराची भीती वाटत नाही, पण हे वडिलांच्या तोंडून ऐकले त्या रात्री माझ्याबद्दल जे काही त्याच्या मनात आले, ते त्याला अजून पुसता येत नाही. तो खरे बोलला, म्हणून मी आग्रह केला नाही. लग्न होणार नाही. आईला सांगितले आहे. काल रात्रभर रडली, आता सावरते आहे.

शाखेत माझ्या शेजारी सुवर्णा बसते. काम करताना मला काही झाले तर काय करायचे, ते सोमवारी तिला समजावून सांगितले. तिने कागदावर लिहून घेतले आणि टेबलाच्या काचेखाली उलटा ठेवला. दोन वर्षे त्या खुर्चीवर मी भीतभीत बसत होते. सांगायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

आपल्याला क्षमा केली, असे लिहून टाकता आले असते. आपण मला न तपासता विधान करू नकोस असे शिकवलेत, म्हणून लिहीत नाही. ते तपासायला वेळ लागेल. होळीला मी सुरतेला येणार नाही. काकूंना सांगावे की त्यांची फार आठवण येते.

एक काम मात्र आज करते. ते करण्याची संधी मला मिळाली नव्हती.

काका, मला अपस्मार आहे. पहिला झटका दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, घरी आला. रोज दोन गोळ्या घेते. गेल्या चौदा महिन्यांत एकदाही झटका आलेला नाही. हे आपल्याला मी सांगते आहे.

आपली पुतणी,
शर्वरी