कापसाच्या खोलीतला सर्व्हर

६ नोव्हेंबर २०२२

झालं! पुढची खोली कापसाने भरली. ढीग छताला टेकायला आलाय. गेल्या साली भाव चढला होता, म्हणून यंदा आख्खं गाव कापूस घरात कोंडून भावाची वाट बघत बसलंय. बसा! आणि माझा सर्व्हर त्याच खोलीत, कोपऱ्यात. खामगावच्या भंगारवाल्याकडून आणलेला कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स हे फुकट, सगळ्यांना उघडं सॉफ्टवेअर — घरच्यांचे फोटो, कागदपत्रं, माझी ही रोजनिशी, सगळं आपल्या घरात, आपल्या कुलपात. परक्या कंपनीला एक अक्षर नाही.

बाबा म्हणाले, "हे खोकं गुरगुरते काऊन? मांजर पाळलं अस्तं तं उंदीर तरी खाल्ले अस्ते." गुलाबरावांना यापलीकडे काय सुचणार!

९ नोव्हेंबर

घरातल्या प्रत्येकाला खातं उघडून दिलं. तिघांच्या फोनवर स्वतः बसवून दिलं. यापुढे फोटो इथेच चढवा, म्हटलं. महामाया म्हणते, "व्हॉट्सॲप हाय ना दादा." संपलं! माझी ही बहीण संग्रामपूरच्या शाळेत पोरांना शिकवते म्हणे.

२१ नोव्हेंबर

कोणी एक फोटो चढवलेला नाही. एक!

४ डिसेंबर

शेवटची वेचणी. अर्ध्या बोंडांत गुलाबी अळी. बाबा बीटी बियाण्याच्या नावाने शिव्या घालत होते. मी म्हटलं, बियाणं दर साली पाकिटातलं विकत घ्यायचं, घरचं धरायचं नाही, आत काय घातलंय ते विचारायचं नाही — हेच तर बंद सॉफ्टवेअर!

"मंग तुह्या उघड्या सॉफ्टवेअरनं अळी मरते काय बे?"

आई पदर तोंडाला लावून हसली. या घरात स्वातंत्र्य हा शब्दच काढू नये.

२७ डिसेंबर

सर्व्हर तापून बंद पडला. उघडला तर पंख्यात कापसाचे तंतू गच्च. ब्रशने काढले, पुन्हा तेच. दुसरीकडे न्यावा तर जागा नाही — स्वयंपाकघरात धूर, मागच्या खोलीवर दुपारी तापणारा पत्रा. बाबांना सांगणार नाही. "उचल ते खोकं" एवढंच ऐकायला मिळेल. पण खरं सांगतो, रडू आलं. माझ्या हातचं, माझ्या मालकीचं असं हे एकच आहे, आणि ते डोळ्यांदेखत घुसमटून मरतंय.

८ जानेवारी २०२३

बाबांनी कापूस विकला! सगळा! दारात आलेल्या पहिल्याच व्यापाऱ्याला, पडत्या भावात. शेजारचे निवृत्तीकाका ओट्यावरून ओरडत होते, "गुलाबराव, येडा झाला काय? थोडा दम धर ना!" बाबांनी वजन होईपर्यंत मान वर केली नाही.

वर्षभर राबायचं आणि चार दिवस दम धरायचा नाही! हिशेब नाही, अक्कल नाही. असा माणूस जन्मभर व्यापाऱ्याच्या हातचं खेळणंच राहणार. मी ताट उचलून मागच्या खोलीत जाऊन जेवलो.

असो. खोली झाडून घेतली. सर्व्हर आता थंडगार चालतोय.

१५ जानेवारी

महामाया चहा घेऊन आली. "दादा, नवीन काऊन नाही लिवलं? बाबा रोज इचारतात."

कशाबद्दल? तर ही रोजनिशी! फोटो घरच्यांना दिसावेत म्हणून जे फोल्डर सगळ्यांना उघडं केलं, त्याच्याच आत ही पडली आहे. पहिल्या दिवसापासून! जगाला कुलपं शिकवणारा मी!! जेवणं झाली की महामाया फोनवरून बाबांना वाचून दाखवते.

"सगळं?"

"सगळं. ते पंखा घुसमटल्याचं तं दोनदा वाचाले लावलं त्याइनं. मंग म्हणे, व्यापाऱ्याले फोन लाव."

"आणि कापूस विकल्यावरचं? तेही वाचलंस?"

ती कप उचलून आत गेली.

१६ जानेवारी

बाबा, फोल्डर बंद केलेलं नाही. ८ तारखेचं खोडलेलंही नाही. ते ऐकल्यावरही तुम्ही रोज सकाळी खोक्यावर फडकं मारत होतात — आईने आज सांगितलं. मला वाटायचं, ती पुसते.