डबीतल्या चौदा गोळ्या

जांबोटी,
२ डिसेंबर २०२४

चि. निवेदितास आक्काचा आशीर्वाद.

रीत हाय म्हणून आशीर्वाद लिहिला. पोटात काय हाय ते आता लिहिते.

दवाखान्यातनं घरी आल्यापासनं तू तीनदा फोन केलास, मी उचलला न्हाय. उचलला असता तर तू रडली असतीस, आणि तू रडलीस की मी गप बसते. आई असल्यापासनं हेच चाललंय. म्हणून कागद घेतला. कागदावर रडता येत न्हाय, उत्तर द्यावं लागतं.

मंगळवारी खळ्यावर मळणी चालू होती. अकराच्या सुमाराला डावा डोळा फडफडायला लागला आणि कानशिलात घण पडायला लागले. तू दिवाळीत दिलेल्या डबीतली एक गोळी घेतली. अर्ध्या तासात उतार पडंना म्हणून दुसरी घेतली. मशीन आलेलं, सात माणसं कामाला, मी आत जाऊन निजले असते तर सगळा पसारा तसाच राहिला असता. म्हणून तासाभरानं तिसरी. मग छातीवर कुणी भाताचं पोतं टाकल्यागत झालं. जबडा आवळला, हाताला मुंग्या आल्या. ह्यांनी गावातल्या रवळूच्या टेम्पोत घातलं आणि बेळगाव गाठलं.

दवाखान्यात नर्सबाई कानडीत विचारायला लागल्या की कुठली गुळिगी घेतली. माझ्या तोंडातनं शब्द फुटंना. ह्यांनी डबी पुढं केली. आत सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या, ना नाव ना पाकीट. डॉक्टर ह्यांच्यावर ओरडले, बायकोला काय चारलंय ते तुम्हाला ठाऊक न्हाय व्हय म्हणून. दहा माणसांपुढं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तुला त्यांनी अकरा फोन लावले, निवी. अकरा. शेवटी मीच कपाळ धरून अर्धशिशी, अर्धशिशी करत राहिले, तवा त्यांना उमगलं.

बीपी दोनशेच्या वर गेलतं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी नसा आवळते. फक्त डोक्यातल्या आवळते असं न्हाय, काळजाच्याबी आवळते. ज्याचं बीपी चढतं त्याला ही द्यायचीच न्हाय. माझ्या काळजाच्या एका नळीत आधीच अडथळा निघाला. थोडक्यात वाचलात म्हणाले.

संध्याकाळी तू आलीस. फोन शाळेत बंद असतो म्हणालीस, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून रडलीस आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा हाय म्हणून गेलीस. तू पोरांना गणित शिकवतीस. शिकलेली बाई. गोळ्या पाकिटातनं काढून डबीत कशापायी घातल्यास, एवढं मला लिहून कळव.

ह्यांनी तुला काही लिहू नको म्हणून सांगितलंय. मी लिहिलं.

रागावलेली, पण तुझीच,
बेबीआक्का

*

शहापूर, बेळगाव,
८ डिसेंबर २०२४

ती. सौ. आक्कास,
निवेदिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं. विचारलंस त्याचं उत्तर आधी देते.

त्या गोळ्यांच्या पाकिटावर एक तांबडी रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. ती रेघ बघून तू घाबरशील, गोळी घेणार नाहीस आणि पुन्हा दोन-दोन दिवस अंधारात ओकत पडशील, असं मला वाटलं. दिवाळीत माझ्या घरी तू भिंतीला डोकं लावून बसली होतीस, आठवतं ना? एक गोळी दिली आणि दीड तासात उठून तू करंज्या तळल्यास. हे अमृत आहे म्हणालीस, मला थोड्या दे म्हणालीस. मी दिल्या. रेघ दिसू नये म्हणून डबीत घालून दिल्या. चूक माझी. पदर पसरून कबूल.

पण आक्का, आता माझंही ऐक. त्या दिवशी खाटेच्या पायथ्याशी मी नुसती रडत नव्हते. तिथं लटकवलेला तुझा कागद वाचत होते. त्यावर लिहिलं होतं की रुग्णाला चार वर्षांपासून रक्तदाब, औषध स्वतःहून बंद. चार वर्षं! दिवाळीत पहिली गोळी हातावर ठेवण्याआधी मी तुला विचारलं होतं, की बीपी, छातीचं दुखणं, काही आहे का. तू हात झटकलास आणि म्हणालीस, मला काय धाड भरलीय. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मोठी बहीण खोटं बोलेल असं मला कशाला वाटेल?

आणि मी सांगितलं होतं, एकच गोळी घ्यायची. तिनं उतार पडून डोकं पुन्हा उठलं तरच दुसरी, तीही दोन तास गेल्यावर. पहिलीनं काहीच फरक नाही पडला तर दुसरी घ्यायची नाही, आणि तिसरीचं तर नावच काढायचं नाही. हे मी दोनदा सांगितलं, तू दोनदा मान हलवलीस. अंगणवाडीतल्या पोरांना जंताची गोळी देताना तू वजन बघतेस, वय बघतेस, रजिस्टरात सही घेतेस. स्वतःच्या जिवाचं रजिस्टर कुठं ठेवलंस?

दाजींना माझ्यामुळं ऐकून घ्यावं लागलं, त्यांची माफी मी वेगळी मागेन. पण सगळं पाप माझ्याच पदरात टाकू नकोस.

तुझ्याइतकीच रागावलेली,
निवेदिता

*

जांबोटी,
१५ डिसेंबर २०२४

चि. निवेदितास आशीर्वाद.

लिहिलंस ते बरं केलंस. खोटं मी बोलले, व्हय.

चार वर्षांमागं इथल्या सरकारी दवाखान्यात शिबिर लागलं. आम्हा अंगणवाडीच्या बायकांना रांगेत बसवून बीपी तपासलं. माझं चढं निघालं. गोळ्या दिल्या, रोज एक. मी महिनाभर घेतल्या आणि सोडल्या. का, ते तुला ठाऊक हाय. आईला अशाच गोळ्या चालू झाल्या आणि वर्षाच्या आत ती अंथरुणाला खिळली. माझ्या डोक्यात तेच बसलेलं, की गोळी सुरू झाली म्हणजे माणूस संपलं. आता डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी न्हाय, उशिरा चालू केल्या म्हणून तिला लकवा झाला. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! पण मी कुणाला विचारलंच न्हाय. ह्यांनाबी ठाऊक नव्हतं. कळल्यापासनं आठ दिवस जेवताना माझ्याशी बोलले न्हाईत. आता रोज सकाळी स्वतः गोळी हातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोर उभे राहतात.

माझा झाडा झाला. आता तुझा.

परवा तपासायला बेळगावला आलते. तिथल्या डॉक्टरला विचारलं की ज्याला ही अर्धशिशीची गोळी चालते, त्याला महिन्याला किती देतात. ते म्हणाले, आठवड्यातनं दोन दिवसांच्या वर घ्यायची न्हाय. महिन्याला आठ-नऊ, बास. मी तिथनं निघाले. वाटेत बसमध्ये हिशेब केला. गणित तुझं, पण एवढं मलाबी येतं. तू मला चौदा दिल्यास. चौदा मला देऊन तू स्वतः कोरडी राहिली नसशील. तुझ्याकडं एवढ्या गोळ्या आल्या कुठनं?

दिवाळीत तुझ्या डोळ्याखाली काळं होतं. तुझं डोकं किती दिवस दुखतं, निवी? मला काय धाड भरलीय, असं माझंच उत्तर मला देऊ नको.

वाट बघते,
आक्का

*

शहापूर, बेळगाव,
२१ डिसेंबर २०२४

ती. सौ. आक्कास सा. नमस्कार.

माझं डोकं, माझ्या गोळ्या. मला डॉक्टर आहे, मला कळतं, मला शिकवू नकोस. सहामाहीचे पेपर तपासायचे आहेत, वर्गात बासष्ट मुलं आहेत आणि घरी मला जपायला दाजींसारखं कुणी नाही. दुखलं म्हणून पडून राहायची चैन मला परवडत नाही. तू स्वतःची काळजी घे.

नाताळच्या सुट्टीत इकडं येऊ नकोस. मी घरी नसेन.

निवेदिता

*

शहापूर, बेळगाव,
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. आक्कास,
निवेदिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू संक्रांतीसाठी जांबोटीला परत गेलीस त्याला पाच दिवस झाले. फोनवर सांगता आलं असतं, पण तू म्हणतेस ते खरं, मी रडून वेळ मारून नेते. म्हणून लिहिते.

येऊ नकोस लिहिलं तरी तू आलीस. दोन जानेवारीला दुपारी दारात पिशवी घेऊन उभी राहिलीस, आणि मी घरात होते. पडदे ओढून पडले होते. तू आत येऊन उशी उचललीस, कपाट उघडलंस, माझी पर्स पालथी केलीस आणि पाकिटं चटईवर मांडलीस. मी तुझ्यावर किती ओरडले! शेजारच्या मंगलकाकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. तुला चोर म्हणाले. ते शब्द परत घेते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर तू जे केलंस, त्याचा राग मात्र मला अजून आहे. मी सांगत होते महिन्याला आठ, आणि तू मध्येच पिशवीतली पाकिटं त्यांच्या टेबलावर ओतलीस. त्यात निपाणीच्या डॉक्टरची चिठ्ठी निघाली. त्या बिचाऱ्या माणसाला मी कधी सांगितलंच नव्हतं की बेळगावातही माझं औषध चालू आहे. भर दवाखान्यात तू मला उघडं पाडलंस. मला जमीन फाटेल तर बरं असं झालं.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, महिन्यातले अठरा-वीस दिवस गोळी घेतली की ती गोळीच डोकं दुखवायला लागते. मग दुखतं म्हणून गोळी, आणि गोळी म्हणून दुखणं. दोन वर्षं मी अशी त्यात फिरत होते आणि मुलांना समीकरणं सोडवायला शिकवत होते.

बाईंनी गोळ्या एकदम बंद करायला लावल्या, त्यानंतरचे दहा-बारा दिवस तू पाहिलेस. माझं ओकलेलं तू पुसलंस आणि पुसता पुसता शिव्या दिल्यास. तू झोपलीस की गोळी शोधायला उठायचे, हे तुला कळत होतं ना? म्हणूनच दारात आडवी झोपायचीस.

आता बाईंनी रोज घ्यायची एक वेगळी गोळी दिली आहे, दुखणं येऊच नये म्हणून. या आठवड्यात एकदाच अर्धशिशी उठली. दुखायला सुरुवात होताच एक गोळी घेतली, वहीत तारीख-वेळ लिहिली, मुख्याध्यापकांना सांगून अर्धा दिवस रजा घेतली. आभाळ कोसळलं नाही. तेजस्वी मॅडमनी माझा तास घेतला.

आता जे सांगायचं आहे ते. यासाठीच हे पत्र.

तू आजारी पडलीस त्या मंगळवारी मी शाळेत नव्हते. घरी होते. सकाळपासून तिसरी गोळी घेऊन पडले होते. फोन बंद नव्हता, आक्का. उशीखाली वाजत होता. मी तो काढला, दाजींचं नाव पाहिलं आणि उलटा करून ठेवला. मला वाटलं, भाताची पोती पाठवतोय म्हणून सांगत असतील. नंतर पुन्हा वाजला, पुन्हा वाजला, आणि मला त्या आवाजाचाच राग आला. त्या डबीत काय आहे हे साऱ्या बेळगावात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी फोनवर उशी दाबून धरली होती.

तू बारा दिवस माझ्याजवळ होतीस, रोज सांगायचं ठरवत होते. जमलं नाही. आता तुला आणि दाजींना जे वाटेल ते करा.

निवेदिता

*

जांबोटी,
२५ जानेवारी २०२५

चि. निवेदितास आक्काचा आशीर्वाद.

पत्र बुधवारी आलं. तीन दिवस उत्तर लिहिलं न्हाय. बुधवारी लिहिलं असतं तर पुढं आपल्या दोघींना एकमेकींचं तोंड बघता आलं नसतं.

ह्यांना दाखवलं न्हाय. त्या दिवशी टेम्पोत माझं डोकं मांडीवर घेऊन ते कसे फोन लावत होते, ते मी बघितलंय. त्यांचं बोट सारखं चुकीच्या जागी लागत होतं. ते त्यांना तू स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी तुझ्यासाठी निरोप पोचवणार न्हाय आणि लपवणारबी न्हाय.

माफ केलं असं लिहायला बसले, लिहवंना. खोटं एकदा बोलून काय झालं ते बघितलंय, आता कागदावरबी बोलायचं न्हाय. मला राग हाय. लई हाय. भाकरी थापताना हाय, पोरांची हजेरी घेताना हाय. राग जाईपर्यंत तुझ्याकडं यायचंच न्हाय, असं पहिल्या दिवशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मनात आलं, माझा राग जायला सहा महिने लागले तर तोवर तुझं डोकं काय थांबणार हाय? आणि तू परत त्या गोळ्यांच्या मागं लागलीस तर दारात आडवं झोपायला कोण हाय तिथं?

म्हणून उद्या अंगणवाडीचं झेंडावंदन उरकलं की सोमवारच्या सकाळच्या बसनं निघते. हे बी येणार म्हणालेत, तुझ्यासाठी नवा तांदूळ घेऊन. त्यांना काहीच ठाऊक न्हाय, हसतमुखानं येतील. तवा त्यांच्यासमोर बसायची तयारी करून ठेव, आणि रडायचं असलं तर आम्ही यायच्या आधी रडून घे.

लोभ आटलाय, पण तळाला हाय. तुझाबी तेवढा राहू दे.

रागातच येते,
तुझी आक्का