कुरोड्यांचा व्हिडिओ

मंगळवार, संध्याकाळ. गोंदिया.

धाकट्या जावेने, कविताने, फसवलं मला. परवा गच्चीवर मी तांदळाच्या कुरोड्या टाकत होते, तेव्हा मोबाईल धरून म्हणाली, "ताई, घरची आठवण म्हणून काढून राहिली." आज शेजारणीने तोच व्हिडिओ दाखवला. हात माझे, चेहरा आणि आवाज कविताचा. म्हणते काय, "ही माझी स्वतःची पद्धत." तीन दिवस तांदूळ भिजवायची ती पद्धत माझ्या आईची. आईला जाऊन अजून वर्षही नाही झालं. हे कविताला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

स्वयंपाकघरात जाऊन सरळ विचारलं, "माह्या मायचं नाव काऊन नाही घेतलं वं?"

हसली. "लोक चेहरा पाहतात ताई, हात कोण पाहते?"

माझे हात, आणि कोणी पाहत नाही!

थोड्या वेळाने तीच परत आली. "ताई, बाया विचारून राहिल्या, कुरोड्या वाळल्यावर तुटतात कायले?"

उकड ओल्या बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत शिजवायची, एवढंच. आईने माझं बोट धरून शिकवलं होतं.

"मले नाही माहीत," म्हटलं.

कविताने नुसतं नाव गाळलं. मी तर आईने शिकवलेलंच नाकारलं.